कडं मिटायच्या आधीचा हंगाम

गळीत हंगाम सुरू झाला की माझं डोकं फिरतं. दिवाळीचा आकाशकंदील अजून खाली उतरलेला नसतो आणि गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या कोटावर काजळीचे बारीक काळे कण येऊन बसतात. ते हाताने झटकायचे नसतात, झटकले की रेघ उमटते. फुंकर मारून उडवायचे. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण माझं माहेर श्रीपूरचं, साखर कारखान्याच्या वसाहतीतलं. रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्कश वाजणारी गाणी, मळीचा आंबूस-गोड वास, सकाळी अंगाला बोचणारा गारठा. सोलापुरात आता लोकांना हुरड्याचे वेध लागतील. मला एक खोका आठवतो.

वर्ष होऊन गेलं. मला वाटलं होतं, राग निवला असेल. परवा कोटावरची काजळी फुंकताना कळलं, कसला निवतोय!

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर मान खाली घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि काचेच्या पट्टीवर पसरलेला थेंब बघायचा. बघणं हाच माझा धंदा आहे. लग्नानंतर लगेच लागलेली ही नोकरी, लेक शिकायला पुण्याला गेली तरी चालूच आहे. इतकी वर्षं खाली बघून पोट भरलं, आता एकदा वर बघावं, एवढीच माझी मागणी होती. सोनं नको होतं, साडी नको होती, सहल नको होती. शनीचं कडं बघायचं होतं.

मागणी जुनी होती. मी सातवीत असताना शाळेच्या मैदानात एक जीप आली होती आणि जीपमध्ये दुर्बीण होती. हेच दिवस होते. मैदानावर काजळी पडलेली, फाटकाबाहेर ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग. जीपमधल्या माणसाने फळ्यावर शनी काढला, त्याच्याभोवती खडू आडवा धरून कडं काढलं आणि म्हणाला, आज दिवेलागणीनंतर हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मी दुपारभर हवेत तरंगत होते. शाळा सुटताना आमच्या बाई वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मुलींनी अंधार पडायच्या आत घरी जायचं. आकाशदर्शन फक्त मुलांसाठी." आम्ही दप्तरं उचलली आणि घरी गेलो. म्हणजे तारे दिसायची वेळ झाली की मुलींनी घरात, आणि वरून विचारायचं, मुलींना विज्ञानाची गोडी का नसते!

माझा धाकटा भाऊ मात्र बघून आला. जेवायला बसल्यावर त्याचं सुरू झालं. "ताई, कडं खरंच हाय. चित्रात असतंय तसंच हाय की!" वडील कौतुकाने ऐकत होते, आई त्याला वाढत होती. मी भाकरी तशीच टाकून उठले, तर आई म्हणाली, "अन्नावर राग काडू नको." मग कशावर काढायचा, ते तिने सांगितलं नाही.

दुर्बीण घ्यायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, आता काय, कमावती बाई आहे मी, दुकानात जायचं आणि घ्यायची. पण दुर्बिणीच्या बाजारात पहिलं पाऊल टाकलं आणि तिथेच पहिली ठिणगी पडली. बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात गेले. खेळण्यांच्या आणि ट्रॉफ्यांच्या मधल्या कपाटात दोन-तीन खोके होते. दुकानदाराने एक काढून पुढे ठेवला आणि विचारलं, "किती वर्षांचा आहे मुलगा?"

"शेहेचाळीस," मी म्हणाले.

तो गडबडला. "नाही, ज्याच्यासाठी घ्यायचंय तो..."

"तेच सांगतेय. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. माझ्यासाठी घ्यायचंय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी स्वतःसाठी पाळणा मागितला होता. मग खोका माझ्याकडे फिरवला. खोक्यावर रंगीबेरंगी तेजोमेघ, आणि ठळक अक्षरात काहीतरी सहाशे पट. "सहाशे पट मोठं दिसतं मॅडम. चंद्रावरचा दगडसुद्धा." भिंग केवढं, तर लिंबाएवढं. तिकाटणं असं की दुकानातला पंखा लावला तरी नळी डुलायची. लॅबमध्ये नवीन पोरं येतात, ती सुद्धा पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठ्या पटीचं भिंग फिरवतात आणि मग म्हणतात, मॅडम, काहीच दिसत नाही, सगळं धूसर. उजेड कमी असेल तर नुसतं मोठं करून काय मिळणार? धूसर गोष्ट मोठी धूसर दिसते. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "मुलं तर लई खुश होतात." मी बाहेर आले.

मग पावसाळाभर मी वाचत बसले. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की फोन घेऊन खिडकीत. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटात मी प्रश्न टाकला: बजेट बेताचं आहे, पहिलीच दुर्बीण आहे, काय घेऊ? एकाने लिहिलं, मॅडम, आधी साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या, आवड टिकते का बघा. आवड टिकते का? सातवीपासून टिकलेली आवड! त्याचा सल्ला वाईट नव्हता, हे आता कळतं. पण त्याच दिवशी एका पुरुषानेही तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याला कुणी आवड टिकण्याबद्दल विचारलं नव्हतं. त्याच्याशी आरशाच्या व्यासावर बोलणं चाललं होतं. मी ते सगळं बोलणं वाचलं आणि त्यातूनच शिकले.

शिकले ते असं. पटीला भुलायचं नाही, उजेड गोळा करणारं तोंड किती रुंद ते बघायचं. नळीपेक्षा बैठकीवर खर्च करायचा, कारण हलणाऱ्या दुर्बिणीतून फक्त स्वतःच्या हाताची थरथर दिसते. मोटर, रिमोट, फोनचं ॲप हे सगळं बेताच्या पैशात आलं, तर समजावं की भिंगात काटछाट केली आहे. बेताच्या पैशात चांगलं काय येतं, तर आरशाची बुटकी दुर्बीण, टेबलावर ठेवायची, हाताने फिरवायची, खाली लाकडी चकती. दिसायला अगदी गबाळी. तोफ बसवून ठेवल्यासारखी. मी तीच निवडली. जादा पाळ्यांचे पैसे मी कधीचे बाजूला टाकत आले होते. माझे पैसे होते, माझी निवड होती. फक्त मागवली नवऱ्याच्या फोनवरून, कारण आमच्या घरात ऑनलाइन सगळं त्याच्याच खात्यावरून येतं. तेवढं एक सोडलं तर माझी होती.

आमच्या गच्चीवरून मात्र आभाळ दिसत नाही. आभाळ आहे, दिसत नाही. समोरच्या चौकात हायमास्ट दिवा बसवलाय, त्याच्या खांबावर तो कुणाच्या प्रयत्नांतून बसला त्याचा फलक आणि फलकाखाली त्या प्रयत्नकर्त्याच्या वाढदिवसाचा फलक. उजेड खाली रस्त्यावर पडायला हवा ना? नाही. तो चहूकडे, वर, आमच्या गच्चीवर, शेजारच्या कडुलिंबावर. कावळे सुद्धा त्या लिंबावर मध्येच जागे होतात. खाली रस्त्यातले खड्डे मात्र अंधारात. म्हणून मी ठरवलं, दिवाळीला सासरी गावी जायचं तेव्हा खोका तिकडेच न्यायचा.

सासर उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. पुढे पाणीच पाणी, मागे ऊस आणि केळी. पाणी मागे सरकलं की काठावरच्या मोटरी पुढे सरकवायच्या, आणि त्यांच्या केबली चोरीला जातात म्हणून सगळं गाव हैराण. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे पुण्याचे फोटोवाले येतात, हातभर लांब लेन्स घेऊन. माझे धाकटे दीर, बापूभाऊजी, त्यांना होडीतून फिरवतात. त्यांना कुणी विचारत नाही, साहेब, एवढं महागाचं यंत्र कुणासाठी? तुमचा मुलगा कितवीत आहे? साहेबाला छंद असतो. वहिनीला खूळ असतं.

पाडव्याच्या दुपारी मी ओसरीवर खोका उघडला. सगळे जमले. मी म्हणत होते, अंधार पडू द्या, हे रात्रीचं यंत्र आहे. पण भाऊजींना धीर कुठला? त्यांनी दुर्बीण उचलून पाण्याकडे वळवली आणि पलीकडच्या काठावरच्या आमच्या मोटरीवर लावली. डोळा लावला आणि ओरडलेच.

"वहिनी, ह्ये तर उलटं दावतंय की! मोटर वर, पानी खालनं वर उडतंय. आन त्या म्हशीचं पाय आभाळाला हायत!"

झालं. एकेकजण येऊन डोळा लावून हसून गेला. नवराही हसला. मी सांगितलं, आकाश बघायच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. वर-खाली करायला आत आणखी भिंगं घालावी लागतात आणि ती उजेड खातात. ताऱ्याला डोकं नाही की पाय नाही, त्याला काय फरक पडतो? मी रोज लॅबमध्ये उलटंच बघते, काचपट्टी डावीकडे सरकवली की थेंब उजवीकडे पळतो, म्हणून काय कुणाचे रिपोर्ट उलटे दिलेत? कुणी ऐकत नव्हतं. भाऊजी म्हणाले, "दिवसा सरळ दिसंना, रातच्याला काय दिसनार हाय? पीस खराब हाय वहिनी." मला वाटलं, त्यांना केबल-चोर बघायला काहीतरी हवं होतं आणि ते यात मिळालं नाही, एवढंच. मी हसण्यावारी नेलं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बगनार काय हायस ह्यातनं?"

"शनी," मी म्हणाले.

आत्यांनी तोंडाला पदर लावला. "शनीला कोन डोळं लावून बगतंय व्हय? त्याची नदर आपल्यावर पडू नये म्हून मानसं तेल घालत्यात, आन तू त्याच्या नदरंला नदर देनार? आन त्ये बी उलटं?"

त्या संध्याकाळी ढग आले. परतीचा पाऊस जाता जाता मागे वळून बघतो तसे. ढगांच्या फटीतून आग्नेयेला शनी एकदा दिसला, पिवळसर, न लुकलुकणारा. मी दुर्बीण वळवेपर्यंत फट बुजली. सकाळी लॅबमधून फोन आला. डेंग्यूची साथ होती, प्लेटलेट तपासायला रांगा लागल्या होत्या, माणसं कमी. मी पहिली एसटी पकडली. निघताना नवऱ्याला म्हणाले, "दुर्बीण नीट ठेवा. रविवारी मी परत येते." तो म्हणाला, "हो गं, मी बघतो." त्याने बघितलंच.

चार दिवस मी मान वर केली नाही. नवरा गावाहून परतल्याच्या संध्याकाळी मी घरी आले, चप्पल काढता काढता विचारलं, "दुर्बीण तिकडेच ठेवलीत ना?"

"परत केली," तो म्हणाला. टीव्हीचा आवाज कमी सुद्धा केला नाही. "मुदत संपत आली होती. दुपारी कुरिअरवाला येऊन घेऊन गेला. पैसे खात्यात येतील."

मी दारातच उभी. "का?"

"अगं, उलटं दिसत होतं. सगळ्यांनी बघितलं. बापू पण म्हणाला, पीस खराब आहे. आईपण मागे लागली होती. तुझं कामाचं चाललेलं, म्हटलं कशाला त्रास द्यायचा? तुझ्या चांगल्यासाठीच केलं."

परत करण्याचं कारण म्हणून त्याने लिहिलं होतं: वस्तू सदोष. त्या शब्दांनी मी अजून पेटते. आरसा निर्दोष होता, मी तो पुसून, पारखून घेतला होता. एक फोन करायला काय झालं होतं? लॅबमध्ये फोन लागतो. रक्ताचे रिपोर्ट विचारायला अख्खं नातेवाईकमंडळ मला फोन करतं, कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड, तेव्हा मला सगळं कळतं. पण नळीत म्हैस उलटी दिसली की मला काही कळत नाही. मी त्या दिवशी खूप बोलले. आवाज चढवून बोलले, शेजारचे खिडकीत आले. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, एवढं काय झालं, दुसरी आणू. मी सातवीतली गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग तेव्हापासून थांबलीस, आणखी थोडं थांब."

आणि त्याने खरंच दुसरी आणली. संक्रांतीला गावी गेलो तर ओसरीवर खोका होता, त्यावर तेजोमेघ, त्यावर सहाशे पट. भाऊजी आणि नवरा दोघांनी मिळून पसंत केलेली. "वहिनी, आता बगा. यकदम सरळ." मी डोळा लावला. पलीकडची मोटर सरळ होती. म्हैस चार पायांवर उभी होती. संध्याकाळी मी शनीवर लावायचा प्रयत्न केला, तो तिकाटण्याच्या थरथरीत इकडून तिकडे पळणारा एक पिवळा किडा झाला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी खुश झाले का ते बघायला. राग यायची सोयच ठेवली नव्हती माणसांनी. भेट होती ना ती!

ती दुर्बीण तिथेच राहिली. आता ती गच्चीवर मोटरीकडे तोंड करून असते. यंदा खंडेनवमीला कोयता, पाना, ट्रॅक्टर यांच्याबरोबर तिचीही पूजा झाली. आत्यांनी तिला झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकवाची दोन बोटं बरोबर पुढच्या भिंगावर टेकवली. मी बघत होते. भाऊजी म्हणाले, "आई, काचंवर न्हाय लावायचं!" आत्या म्हणाल्या, "मग तिचं कपाळ कुटं हाय?" सगळे हसले, मीही हसले. माझी दुर्बीण असती तर आत्यांनी तिच्याही आरशावर कुंकू लावलं असतं, आणि मी ते कापसाने हलक्या हाताने पुसलं असतं, आणि मला त्याचा अजिबात राग आला नसता.

वर्षभरात मी एक गोष्ट वाचली होती, ती मी घरात कुणाला सांगितली नाही. शनीचं कडं आपल्याला नेहमी सारखं दिसत नाही. काही वर्षं ते पसरून दिसतं, मग हळूहळू मिटत येतं आणि एका वेळी अगदी कडेवरून दिसतं, म्हणजे दिसतच नाही म्हणा ना. एवढं मोठं कडं, पण कागदासारखं पातळ. गेल्या दिवाळीत ते मिटत आलं होतं, पण होतं. माझ्या बुटक्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसलं असतं. यंदाच्या हंगामात ते मिटलंय.

तरी मी मागवली. तीच, गबाळी, आरशाची. या वेळी माझ्या फोनवरून, माझ्या खात्यावरून, पत्ता लॅबचा. खोका आला तेव्हा माझ्याबरोबर काम करणारी श्रीलता म्हणाली, "उघड की! बघू दे." मी म्हणाले, नाही. खोका मी भांडारात रसायनांच्या पेट्यांमागे ठेवला. परत करायची मुदत पूर्ण संपेपर्यंत चिकटपट्टीला हात लावला नाही. श्रीलताने मला वेड्यात काढलं, "अगं, आत फुटकी निघाली तर?" निघाली तर निघू दे. फुटकी असली तरी माझी फुटकी. मुदत संपली, दुसऱ्या दिवशी मी खोका रिक्षात घालून घरी आणला.

काल संध्याकाळी गच्चीवर लावली. फुटकी नव्हती. हायमास्टचा उजेड अडवायला मी दोरीवर दोन जाड सोलापुरी चादरी टाकल्या, आणि त्या चादरींच्या आडोशाला आग्नेयेकडे तोंड करून बसले. आरशाने शनीला एका फटक्यात धरलं. नुसत्या डोळ्यांना दिसणारा पिवळा ठिपका आता गोळा झाला होता, घट्ट, शांत, आणि त्याच्या आरपार घुसलेली एक सुई, दिसते न दिसते अशी. मी किती वेळ बघितलं, माहीत नाही. बघता बघता डोळ्याला पाणी आलं ते थंडीने की संतापाने, तेही माहीत नाही. सातवीतल्या मैदानावर भावाने बघितलं ते हे नव्हतं. ते मला अजूनही दिसलेलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. नवरा दोन कप चहा घेऊन आला होता. दुर्बीण बघून तो थबकला. कप कठड्यावर ठेवले, चादरीखालून वाकून आत आला आणि डोळा लावला. बराच वेळ लावला.

"गोळा दिसतोय," तो म्हणाला. "कडं कुठंय?" मग तोंड वर न करता म्हणाला, "हाही पीस खराब दिसतोय गं."

"पीस चांगला आहे," मी म्हणाले. "कडं मिटलंय. गेल्या वर्षी होतं."

त्याने डोळा काढला नाही. वाकलेला होता तसाच राहिला, आणि चहा निवून गेला तरी मी त्याला उठा म्हणाले नाही.